सातव्या मजल्याची काच

काचवाल्याचा नातू पहिलं पाऊल टाकून चालला, त्या वर्षी काचवाल्याची बायको नव्या हॉस्पिटलच्या सातव्या मजल्यावर छातीच्या दुखण्याने पडून होती. बुधवारी सकाळी ती म्हणाली, "अहो, जरा खिडकी उघडा. कोंडल्यासारखं होतंय."

"ही उघडत नाही."

"ओढून तरी बघा."

काच जमिनीपासून छतापर्यंत एकसंध होती. त्याने तळहात टेकवून ढकलल्यासारखं केलं. गोळ्या द्यायला आलेली सिस्टर म्हणाली, "आजोबा, काचेला हात नको. डाग पडतात."

"हिला घटकाभर खाली आवारात नेऊ का? मोकळ्या हवेत?"

"ऑक्सिजनची नळी काढता येत नाही. ती भिंतीला आहे." सिस्टर पुढच्या खोलीत गेली.

"थोरली झाली तेव्हा इथंच होते मी," बायको म्हणाली. "साहेबाच्या काळची दगडी इमारत. खिडक्या केवढ्या, घोडा आत येईल एवढ्या. तुम्ही व्हरांड्यातून बशीभर चहा आत द्यायचात, निम्मा सांडून." दम लागला म्हणून ती थांबली. "पाडली मेल्यांनी. आणि ही बरणी उभी केली. कुठल्या शहाण्याला सुचलं हे?"

तो बाहेर बघत राहिला. समोरच्याही इमारती काचेच्याच होत्या.

"मला," तो म्हणाला.

"काय?"

"इथल्या काचा मी बसवल्या ना, तेव्हा नकाशात प्रत्येक खोलीला एक उघडणारी झडप होती. बिजागऱ्या बसवण्यात दिवस जात होते. मीच इंजिनिअरला म्हटलं, साहेब, झडपा कशाला? पावसात गळतील, आणि आत एसी आहेच की. त्यांना पटलं. दोन महिने आधी काम उरकलं."

तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. मग हसायला लागली आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली.

"जन्मात तुमचं कुणी ऐकलं नाही," ती म्हणाली. "ऐकलं ते नेमकं हेच."

त्याने खिशातून घराची किल्ली काढली, गुडघे टेकले आणि तो काचेच्या कडेचं काळं सिलिकॉन उकरायला लागला.

"असू द्या हो. सिस्टर ओरडेल."

गुरुवारी दुपारपर्यंत बोटभर निघालं. त्याच्या मागे आणखी सिलिकॉनच होतं. काम चोख झालं होतं. सव्वादोन वाजता त्याची बायको वारली.