तीन दिवसांत कोणी बोललं नाही

"हिला किल्ली कोणी दिली?" दिवाकरन माष, म्हणजे मास्तर, असे गरजले, की त्रिशूरच्या त्या वाचनालयाच्या माडीवरचा पंखासुद्धा दचकून मंदावला.

पडद्यावर आतिराचं नाव होतं, आणि आतिरा समोरच बसली होती. मल्याळम मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा त्यांचा प्रोग्रॅम सगळ्यांच्या मालकीचा, फुकट. पण त्यातले बदल मंजूर करायची किल्ली सहा जणांकडेच. सहाही पुरुष. आज सकाळपासून सात किल्ल्या झाल्या होत्या.

आतिराला एकच ओळ बदलायची होती. काम करणाऱ्यांच्या यादीत अजून तिचं जुनं, पुरुषाचं नाव होतं. अकरा महिने ती विनवत होती. "बघू," एवढं उत्तर आलं, तेही एकदाच.

"मी सुचवलं, माषे," तंकमणी चेची म्हणाल्या. चेची म्हणजे थोरली ताई; टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बाई, आवाज चढवायची सवय नाही. "गुरुवारी सगळ्यांना मेल पाठवली. कोणीही सुचवावं, तीन दिवसांत कोणी हरकत घेतली नाही, तर मंजूर. मुदत संपली, यंत्राने किल्ली दिली. नियम तुमचाच आहे."

"पण मी ती मेल वाचलीच नाही!"

"कोणीच नाही वाचली."

बाकीचे पाच जण चहाच्या ग्लासात माशी शोधू लागले.

"तंकमणी, हा कावा झाला."

"कावा कसला? माझ्या मेलना उत्तर येत नाही, हे काय मी लपवून ठेवलं होतं?"

माष उठले. किल्ली काढून घ्यायला त्यांना एक बटण पुरलं असतं. आतिरा त्यांच्या बोटाकडे बघत राहिली. पण मग नियम मोडला असता, आणि हाच नियम मोडला म्हणून माषांनी सख्ख्या मेव्हण्याला गटातून काढलं होतं. मेव्हणा अजून ओणमला जेवायला येत नाही.

"कर," ते म्हणाले.

आतिराने ओळ बदलली. एक नाव गेलं, एक आलं. आलेलं तिने दोनदा वाचलं आणि ओढणीने चष्मा पुसला.

माषांनी मात्र स्वतःचा लॅपटॉप ओढला. तंकमणी चेचींच्या न उघडलेल्या मेल चार वर्षांच्या निघाल्या. दहाबारा वाचेपर्यंत सदरा पाठीला चिकटला.

"तंकमणी," आता आवाज पार बसला होता, "असं अजून काय काय मंजूर झालंय?"

चेचींनी खुर्ची जवळ ओढली.

"खाली खाली वाचत जा, माषे. मला वेळ आहे."