योगराजचं मत

कोहमाऱ्याच्या चौकात टायरचं दुकान चालवणारा भूपेंद्र रोज दुपारी मोबाइलवरच्या गेममध्ये शिरायचा, पण खेळायला नव्हे. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या धाकट्या भावाचा, योगराजचा, खेळाडू तिथल्या पुलावर अजून उभा होता.

वर्षभर न हललेले खेळाडू पुसून टाकायचे का, असं कंपनीनं सगळ्यांना विचारलं. भूपेंद्रनं 'नाही' दाबलं.

"कायले दाबून रायले?" बायको गुंजन म्हणाली. "त्यायनं आधीच ठरवून ठेवलं असन."

निकाल 'हो' लागला, तोही एका मतानं. भूपेंद्र भडकला. लबाडी पकडायचीच म्हणून त्यानं मत देणाऱ्यांची यादी उघडली.

शेवटचं 'हो' योगराजचं होतं, आज सकाळचं. खाली कारण लिहिलं होतं : "दादा, उभं राहून राहून पाय दुखून रायले."