पालथं पान

“हा आमचा नाही,” ते म्हणाले आणि चादर पुन्हा नीट वर ओढली.

शवागारात गारठा होता. परवा घाटात बस कोसळली होती. या तरुणाचा चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता. मोबाइल, पाकीट, काहीच सापडलं नव्हतं. यांच्या मुलाचा फोन परवापासून बंद, म्हणून पोलिसांनी आईबापांना बोलावून घेतलं होतं.

“नक्की ना, साहेब?” पोलिसाने विचारलं.

“नक्की. आमचा चांगला अंगाने भरलेला आहे. दाढी ठेवत नाही. आणि या जंगलाच्या बाजूला तो मरायला कशाला येईल?” ते म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

जंगलाचा विषय निघाला की मुलगा भरल्या ताटावरून उठायचा. बापाचा जन्म गेला होता पावसाळी अरण्यातली झाडं ओळखण्यात. तिथे फुलं पार शेंड्यावर, खालून दिसायची सोय नाही. सालीला चीर देऊन, पान चुरगाळून, नुसत्या वासावर झाड सांगावं ते यांनीच. परदेशातले लोक सुकी पानं पाठवून त्यांची नावं विचारत. घरी मात्र हे पाहुण्यासारखे यायचे. “मी झाड असतो ना, तर बाबांनी मला लांबून ओळखलं असतं,” असं मुलगा आईला हसत म्हणायचा. एकदा तेच तो न हसता बापाच्या तोंडावर म्हणाला आणि घर सोडून गेला. त्याला वर्षं झाली.

आई बाहेर बाकावर बसली होती. आत यायची तिची छाती झाली नव्हती. “तुम्हीच बघून या. ओळखण्यात तुमचा हात कोण धरणार,” म्हणाली होती.

“आपला नाही गं,” ते बाहेर येऊन म्हणाले.

ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडली. मग डोळे पुसत स्वतःलाच हसली. “भेटू दे मेल्याला, कानच उपटते. आणि तुम्ही! परवा किती फोन केले तुम्हाला!”

“अगं, दिवसभर शेंड्यावर होतो. जंगलातल्या आमच्या तंबूजवळचं ते माझं झाड फुललं. अर्धा जन्म वाट बघितली त्याची, जगात दुसरं कुठे सापडलेलं नाही. खालून आचारी सारखा ओरडत होता, कुणी भेटायला आलंय म्हणून. म्हटलं, थांबायला सांग, नाहीतर जायला सांग. उतरलो तेव्हा गेलेला होता.”

“बाई बाई, तुमची झाडं!” ती म्हणाली. मग तिने बंद दाराकडे पाहिलं. “पण कुणाचं तरी लेकरू आहे हो ते. त्याच्या आईला कोण सांगणार?”

एवढ्यात पोलीस मागून आला. “साहेब, जाता जाता एक उपकार करा. याच्या शर्टाच्या आत ही वर्तमानपत्राची घडी होती. आत नुसता पाला आहे. कुठल्या भागातला ते सांगितलंत, तर याचं घर तरी सापडेल.”

“आणा इकडे,” ते म्हणाले. चष्मा वर सरकवला. हे त्यांच्या हातचं काम होतं. मनावरचं ओझंही उतरलं होतं.

त्यांनी घडी उघडली. आत एक डहाळी होती, पानं बोटाने दाबून सपाट केलेली. सगळी पानं उताणी, एकच मुद्दाम पालथं. झाडं गोळा करणाऱ्यांची ही रीत. घरात त्यांनी ती एकालाच शिकवली होती. तो लहान होता, दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर पानं मांडून बसले होते. ‘एक पान नेहमी पालथं ठेवायचं, बाळा. पाठ बघितल्याशिवाय ओळख पटत नाही.’

डहाळीच्या टोकाला एक फिकट पिवळं फूल होतं, अजून पुरतं न सुकलेलं. परवा शेंड्यावरून अशाच डहाळ्या कापून ते खाली टाकत होते. खाली कोण उभं आहे ते त्यांनी वाकून पाहिलं नव्हतं.

“कळतंय का, साहेब?” पोलिसाने विचारलं.

“सांगा ना हो लवकर,” आई म्हणाली. “वाट बघत असेल बिचारी.”

त्यांनी घडी जशी होती तशी मिटली. बायकोकडे बघायचं त्यांना धाडस होईना.

“लिहून घ्या,” ते पोलिसाला म्हणाले, आणि स्वतःच्या घराचा पत्ता सांगू लागले.