कॉइल गेली होती

"गवत कापायचं मशीन शेवंताबाईंनीच जाळलं. बाईच्या हाती इंजिन दिलं की असंच होणार," जिमखान्याचे सेक्रेटरी भर सभेत म्हणाले.

अकरा वर्षं मैदान राखणाऱ्या शेवंताबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या तडक शेडमध्ये गेल्या. नवा प्लग लावून दोरी ओढली, तरी ठिणगी पडेना. इंजिन ठणठणीत होतं, फक्त प्लगला ठिणगी देणारी कॉइल गेली होती.

दुसरी कॉइल आणून त्यांनी इंजिनाच्या फिरत्या चाकापासून पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट ठेवून बसवली. मशीन धडधडू लागलं.

"छान. आता लागा कापायला," सेक्रेटरी हसून म्हणाले.

बाईंनी मशीन बंद केलं. "चारचौघांत बोललात साहेब, माफीही चारचौघांतच मागा. तोवर गवत वाढू दे."

रविवारी सामना होता. शनिवारी सकाळी साहेबांनी सगळ्यांदेखत हात जोडले.