वाचलेला अर्धा तास

सत्त्याण्णव साली मुखरूचा हिशेब सरळ होता. जुन्या डिझेल पिकअपला टर्बो बसवला, की धानाची पोती भरूनही गाडी चढावर दमणार नाही आणि रोज अर्धा तास आधी घर गाठता येईल.

"बायकोसाठी एवढी घाई, मुखरूभाऊ?" चंद्रपूरचा कय्यूम मिस्त्री गाडीच्या बॉनेटवर थाप मारत हसला. "म्हातारीले पंख लावून देतो."

तेव्हा गावात गाड्या दोनच. वळणावर टर्बोची शिट्टी वाजली, की त्याची बायको आशाबाई चहा ठेवायची.

हळूहळू शिट्टी आधी येऊ लागली, गाडी मात्र जुन्याच वेळेला.

एका संध्याकाळी मुखरूला ओट्यावर रिकामा कप दिसला.

"कोण आलं होतं?"

"मजाक करून राह्यले काय? तुमीच तर अर्धा तास बसले इथी."

कप अजून कोमट होता.

अर्धा तास वाचला होता खरा. आशाबाईने तो मुखरूसोबत घालवलाही होता. फक्त मुखरूलाच तो मिळाला नव्हता.