धुळीचा खोकला

“‘धुळीचा खोकला’ लिहा,” मोठे डॉक्टर म्हणाले. “कालपर्यंत लिहीत होता ना? मग आज हाताला काय झालं?”

सिस्टरच्या हाताला काही झालं नव्हतं. तीन दिवसांत तिने मुकाट्याने बावीस केसपेपरांवर धुळीचा खोकला लिहिला होता. बावीसही जण यात्रेकरू. सगळ्यांना ताप, सगळ्यांचं अंग ठणकत होतं. ही कसली धूळ, ते वॉर्ड पुसणाऱ्या मावशींनाही कळत होतं. पण ‘लागण’ हा शब्द एकदा कागदावर आला, की वरच्या मजल्यावरचा वेगळा वॉर्ड उघडावाच लागतो, सरकारला कळवावं लागतं, आणि मग यात्रा थांबते. मोठ्या डॉक्टरांना ती नसती आफत नको होती.

आज मात्र सिस्टर हटून बसली. नऊ नंबरच्या खाटेवर एक शिंपी होता. यात्रेशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. गुरुवारी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. या खोकल्याने त्याला गाठलं तर ते पुढे ढकलावं लागणार, आणि तेवढी वाट पाहण्याइतका दम त्या हृदयात उरला नव्हता. त्याच्यापासून दोन हातांवर, दहा नंबरला, आज सकाळीच एक म्हातारी येऊन दाखल झाली होती.

“सर, निदान शिंप्यापुरता तरी विचार करा.”

“आणि ती म्हातारी? कोण आहे माहीत आहे ना?” डॉक्टरांनी आवाज खाली आणला. “तुमच्यामुळे यात्रा थांबतेय, असं तिला सांगायला जा. तीनशे माणसं आणून बसवेल दारात.”

ती कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. यात्रेत तिला कॅप्टन म्हणत. ती सगळ्यांच्या पुढे चालायची, आणि तिने हात वर केला की मागचे तीनशे जण जागच्या जागी उभे राहायचे. एकशे तीन तापातही ती सकाळपासून खाटेवर ताठ बसून होती. आडव्या व्हा म्हटलं की डोळे वटारायची. खरं तर सिस्टरला तिची भीतीच वाटत होती. पण केसपेपरवर एक रकाना असा असतो, की त्यात डॉक्टरांचीही खाडाखोड चालत नाही. ‘रुग्णाची तक्रार, रुग्णाच्याच शब्दांत.’ सिस्टर तडक दहा नंबरकडे निघाली. डॉक्टर मागोमाग आले.

“आजी, काय होतंय तुम्हाला?”

“तुमचे डॉक्टर काय म्हणतात?”

“धूळ.”

कॅप्टन हसली, आणि हसता हसता खोकून बेजार झाली. “चाळीस वर्षं या रस्त्याची धूळ खातेय मी. धूळ एका तंबूतून दुसऱ्या तंबूत जाऊन माणसं आडवी करत नाही. लागण आहे ही. लिही.”

सिस्टरचं पेन अडलं. या बाईला फसवून तिला काही वदवून घ्यायचं नव्हतं. “आजी, हे लिहिलं तर यात्रा थांबवतील.”

“थांबवू देत. देव काही पळून चालला नाही.” तिने मान वळवली. “हा शेजारी कोण?”

सिस्टरने सांगितलं. गुरुवारचंही सांगितलं. शिंपी कसनुसा हसला. कॅप्टनने चादरीचं टोक तोंडावर घट्ट धरलं.

“मग माझी तक्रार पुरी लिहून घे.”

“आजी,” डॉक्टर लगबगीने पुढे झाले, “तक्रार म्हणजे कुणाची कागाळी नव्हे. तुम्हाला काय त्रास होतोय, तेवढंच सांगायचं असतं.”

“तेच सांगतेय, डॉक्टर. तू शब्दाला शब्द लिही गं. ‘मला लागण झाली आहे. ती मी या शिंप्याला द्यायच्या आत हे लोक मला इथून हलवत नाहीत, याचा मला त्रास होतो आहे.’”