न प्यालेली कॉफी

करक या अरबी गावातल्या ओवैदच्या बैठकीत पाचही पाहुण्यांनी कॉफीचे पेले तसेच खाली ठेवले. मागणं मान्य झाल्याशिवाय घोट घ्यायचा नाही, ही तिकडची रीत.

"शुरूकनं माझ्या पुतण्याची माफी मागावी," पाहुण्यांतला फलाह म्हणाला. "तो तक्रार मागे घेईल. नाहीतर गुन्हा शाबीत होईल आणि तुझ्या लेकीचा नर्सचा परवाना कायमचा जाईल."

ओवैदच्या घरून आजवर कुणी कॉफी न पिता उठलं नव्हतं. त्यानं लेकीकडे पाहिलं.

"बाबा, ऑपरेशन होऊन दोन तास झालेल्या स्वतःच्या बायकोवर त्यानं हात उचलला. म्हणून मी त्याच्या डोक्यात ट्रे घातला. परत आला तर परत घालीन."

ओवैदची छाती फुगली. "ऐकलंत? परवाना सरकारचा आहे, नेऊ दे सरकारला. माफी मिळणार नाही."

चौघे तणतणत उठले. म्हाताऱ्या मिथकालनं मात्र पेला उचलला आणि एका घोटात रिकामा केला.

"काका, तुमचं मागणं कुठं मान्य झालं?" ओवैद चक्रावला.

"माझं झालं की!" म्हातारा शुरूककडे वळला. "पोरी, त्या खाटेवर माझी लेक होती. उद्या कोर्टात ती तुझ्या बाजूनं साक्ष देणार आहे. तू माफी मागू नयेस, एवढंच मागायला मी आलो होतो."